न गळलेलं छत

“मला वाचवू नका, बाई. फक्त एवढं सांगा, माझा हात चुकला का?”

दारातून आत येऊन बूड टेकायच्या आधीच म्हाताऱ्याने हे विचारलं आणि भाऊजींचा चहाचा कप तोंडापाशी जाता जाता थांबला. ‘वाचवू नका’ म्हणणारा माणूस त्यांनी या खोलीत पहिल्यांदाच पाहिला होता. बाकी सगळे ‘वाचवा’ म्हणतच यायचे, आणि त्यातले निम्मे वाचवण्याच्या लायकीचे नसायचे.

दारावरची ‘खासगी तपास’ ही पाटी थोरल्या भावाने लावलेली. दादा गेले आणि धंदा वहिनींनी पुढे चालवला, आणि खरं सांगायचं तर दादांपेक्षा चांगला चालवला. भाऊजी म्हणजे त्यांचे धाकटे दीर. फोटो काढायचे, पिशवी उचलायची आणि वहिनींच्या आधी चुकीच्या माणसावर संशय घ्यायचा, ही तीन कामं ते निष्ठेने करत.

“बसा काका,” वहिनी म्हणाल्या. “आधी पाणी प्या. मग पहिल्यापासून सांगा.”

म्हाताऱ्याला सगळे लेपकाका म्हणत. गच्च्या, टाक्या, बाथरूम, जिथे म्हणून काँक्रीटमध्ये पाणी शिरतं तिथे लेप देऊन ते थोपवायचं, हा त्यांचा जन्मभराचा धंदा. गेल्या आठवड्यात गावातल्या वाचनालयाच्या छताचा मोठा तुकडा कोसळला आणि खाली टेबलाशी बसलेले ग्रंथपाल जागच्या जागी गेले. त्या गच्चीला लेप लेपकाकांचा होता.

“आणि तो ग्रंथपाल माझा मित्र होता हो. शाळेपासूनचा. मी त्याला पुस्तक्या म्हणायचो, तो मला लेप्या.” लेपकाकांनी पंच्याने तोंड पुसलं. “आता वाचनालयाच्या चिटणीसांनी पोलिसांत तक्रार केली आहे. म्हणतात, भेसळीचा माल वापरला. माल चोख होता, ते मी छातीवर हात ठेवून सांगतो. पण हाताचं सांगवत नाही. तेव्हा डोळ्यांत मोतीबिंदू होता. ऑपरेशन नंतर झालं. हातही जरा थरथरायचा.”

“मग राहिली असेल एखादी जागा,” भाऊजी बोलून गेले. वहिनींनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी उरलेला चहा एका घोटात संपवला.

“राहिली असेलही,” लेपकाका शांतपणे म्हणाले. “तुरुंगात टाका मला, माझी ना नाही. पण एक गोष्ट डोक्यात बसत नाही. लेप चुकला की छत गळतं. आधी डाग पडतो, मग थेंब, मग पोपडे. छत आधी बोंब मारतं, बाई! हे छत कधी गळलंच नाही. मी तिथे रोज संध्याकाळी बुद्धिबळ खेळायला जायचो. अलीकडे तोच माझ्या घरी यायला लागला होता, तुझे गुडघे दुखतात म्हणायचा, पण अधूनमधून मी जायचोच. गेलो की नजर आधी वर. छत पांढरंशुभ्र. आणि पडलं तेव्हा आतून चिंब, सळ्या गंजून काडीसारख्या झालेल्या. एक थेंब न गळता छत कुजलं कसं?”

“लेपाचा माल उरला होता का तुमच्याकडे?” वहिनींनी विचारलं.

“अर्धा डबा. तिथेच जिन्याखाली ठेवून दिला होता, पुढेमागे लागला तर असावा म्हणून.”

“चला भाऊजी,” वहिनी उठल्या. “पिशवी घ्या. आणि वाटेत कुणालाही अटक करू नका.”

*

वाचनालयाच्या दालनात शांतता होती, आणि चुन्याचा नि ओल्या कागदांचा वास. भिंतीला लागून छतापर्यंत पुस्तकांची कपाटं, आणि कपाटांच्या वरच्या कडेला लोखंडी पट्टीवर सरकणारी लाकडी शिडी. कोपऱ्यात छताला मोठं भगदाड पडलं होतं. त्यातून गंजक्या सळ्या खाली लोंबत होत्या. टेबल मोडून पडलं होतं, आणि त्याच्याभोवती काँक्रीटचे तुकडे कुणी हलवले नव्हते.

चिटणीस दारातच भेटले. गोरेगोमटे, इस्त्रीचे, आणि बोलणं सभेत ठराव मांडल्यासारखं.

“यात शोधायचं काय आहे? पाणी वरून आत गेलं, म्हणजे वरचा लेप गेला. हाताच्या काकणाला आरसा कशाला?”

“गच्चीवर जाऊन पाहिलंत तुम्ही?” वहिनींनी विचारलं.

“गरजच काय? पडलं ते खालीच दिसतंय ना!”

“गच्चीवर कोण जातं एरवी?”

“कोणी नाही. कुलूप असतं. लेप झाल्यावर वर्षभराने दिव्यांचा नामफलक बसवला, तेव्हा त्याची माणसं गेली असतील तेवढीच.” चिटणीसांनी मोडक्या टेबलाकडे पाहिलं आणि त्यांचा आवाज जरा खाली आला. “ग्रंथपाल नको तिथे बसले हो. त्यांची जागा खरं तर मधल्या खिडकीपाशी होती. छान हवेशीर. या कोपऱ्यात वाचकांची बाकं होती. दोनेक वर्षांपूर्वी त्यांनी बाकं खिडकीशी नेली आणि आपलं टेबल इथे अंधारात आणलं. मी म्हटलं, अहो, इथे दिवसाही दिवा लावावा लागेल. ऐकतील तर शपथ. म्हातारपणाचा हट्ट.”

वहिनींनी खाली बसून काँक्रीटचा एक तुकडा उचलला. छताकडची बाजू पांढरी होती. त्यांनी नखाने कड उचलली, आणि पांढऱ्या रंगाखालून करडा, चिवट पापुद्रा सालासारखा सुटत आला.

“रबर!” भाऊजी ओरडले.

“लेप,” वहिनी म्हणाल्या. “लेप गच्चीवर असतो ना? मग हा खालून, छताला आतल्या बाजूने कसा?”

चिटणीसांना ते ठाऊक नव्हतं. भाऊजींना तर नव्हतंच. त्यांनी मुकाट्याने फोटो काढायला सुरुवात केली.

पापुद्र्याखाली काँक्रीटवर तपकिरी डाग होता, कडेला गडद, चहा सांडून वाळल्यासारखा. पापुद्र्यात एका भेगेच्या रेषेवर विरळ विणीच्या कापडाची पट्टी चिकटलेली होती. वहिनींनी तिचा एक धागा ओढून काढला, काडी पेटवली आणि त्याला लावली. धागा भुरकन जळाला, कापूस जळतो तसा.

“आणि हे पाहा भाऊजी, ब्रशचे वळ. मधून निघून चहूकडे गेलेत. जवळून घ्या फोटो.”

मग त्यांनी शिडी सरकवून पाहिली. भगदाडाच्या कडेला छताला उरलेला लेप अजून दिसत होता. तो कपाटांच्या रांगेने लांबच लांब गेला होता, पण रुंदीला मात्र शिडीवरच्या माणसाचा हात पोचेल तेवढाच. त्यापुढे छताला नुसता जुना पांढरा रंग होता.

“परांची बांधून काम केलं असतं तर अख्खं छत झालं असतं,” भाऊजी म्हणाले आणि आपणच काही शहाणं बोललो याचं त्यांना आश्चर्य वाटलं.

“वा!” वहिनी म्हणाल्या. त्यांनी मनापासून म्हटलं होतं, पण भाऊजींना ते चेष्टाच वाटलं.

जिन्याखाली डबा सापडला. लेपकाकांनी अर्धा सांगितला होता, हा रिकामा होता. त्याला लागूनच ग्रंथपालांची पुस्तकबांधणीची खोली होती. फाटकी पुस्तकं ते स्वतःच बांधायचे. दाबयंत्रात एक पुस्तक अजून अडकलेलं होतं. फळीवर पुठ्ठे, दोऱ्याची रिळं, पाठीला लावायच्या सुती जाळीच्या पट्ट्या. एका पुठ्ठ्याला खळ लावून तो तसाच राहून गेला होता, आणि वाळलेल्या खळीवर ब्रशचे वळ स्पष्ट उमटले होते. वहिनी त्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. वाडग्यात तीन ब्रश होते. दोन स्वच्छ, एकाचे केस एकमेकांना चिकटून बसलेले. वहिनींनी तो वाकवला. वाळलेली खळ कडकन मोडते. हे केस मोडले नाहीत, वाकून रबरासारखे पुन्हा सरळ झाले.

“म्हातारबुवा आळशी दिसतात. ब्रश धूत नव्हते,” भाऊजी म्हणाले.

वहिनींनी ब्रश कागदात गुंडाळून पिशवीत टाकला.

*

गच्चीवर ऊन रणरणत होतं. लेप सगळीकडे सलग होता. वहिनींनी सुरीने चार-पाच ठिकाणी त्याची कड उचलायचा प्रयत्न केला. सुरीचं टोक वाकलं, लेप हलला नाही. भाऊजींनी रुपया घेऊन इकडेतिकडे ठोकून पाहिलं. सगळीकडे भरीव आवाज येत होता, फक्त नामफलकाच्या लोखंडी चौकटीपाशी ढबढब वाजलं. चौकट चार बोल्टांनी गच्चीत घट्ट बसवली होती. बोल्टांभोवती सिमेंट थापलेलं होतं, आणि त्याच्यावर केसाएवढी बारीक चीर गोल फिरली होती.

“खाली काय येतं बरोबर या जागेच्या?” वहिनींनी विचारलं.

भाऊजींनी पावलं मोजली, दिशा लावली, पुन्हा मोजली. “भगदाडाच्या कडेलाच.”

मग वहिनींनी भाऊजींना खालच्या कुंड्यांतली माती आणायला लावली. दोन आळी केली. एक बोल्टांभोवती, दुसरं गच्चीच्या भलत्याच टोकाला. दोन्हींत पाणी भरलं आणि वर झाकणं ठेवली. चिखलाने माखलेले भाऊजी म्हणाले, “वहिनी, मी पदवीधर आहे हो.”

“म्हणून तर आळी गोल झाली,” वहिनी म्हणाल्या.

*

लेपकाकांकडे काम शिकलेला एक मिस्त्री आता स्वतंत्र झाला होता. त्याला सगळे धाकटे मिस्त्री म्हणत. काकांचं आणि त्याचं पटत नव्हतं, असं चिटणीसांनी दोनदा सांगितलं होतं. भाऊजींच्या मनात तो केव्हाच फासावर चढला होता.

एका रिकाम्या पाण्याच्या टाकीत तो भेटला. गुडघ्यांवर बसून भिंतीला लेप देत होता.

“सीलिंगला आतून लेप?” त्याने हातातला ब्रश खाली ठेवला. “कोणी गाढवाने दिला? अहो, पाणी वरून येतं, ते वरच अडवायचं. आतून तोंड बंद केलं की पाणी यायचं थांबत नाही, फक्त दिसायचं थांबतं. स्लॅबच्या पोटात साठून राहतं आणि सळ्या खातं. एवढं तर काकांनी पहिल्या दिवशी शिकवलं होतं.”

“तुम्ही काकांना सोडून का गेलात?” भाऊजींनी दरडावून विचारलं.

“कारण ते एकदा दिलेला हात चारदा खरवडायला लावायचे!” तो हसला. “तो जाच तेव्हा नको वाटायचा. आता मीही माझ्या माणसांना तेच करतो.”

“एक हात देऊन दाखवता?” वहिनी म्हणाल्या.

त्याने ब्रश बुडवला. पहिला हात आडवा, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. जुन्या, वाळलेल्या भागावर दुसरा हात उभा. मध्ये एका भेगेवर त्याने काचधाग्याची जाळी दाबून बसवली होती. वहिनींनी तिचा सुटा तुकडा मागून घेऊन काडी लावली. तो जळला नाही, नुसता काळवंडला.

“मधून बाहेर नेला ब्रश तर?”

“मध्ये पातळ आणि कडेला जाड होतो. काका हातावर फटका मारायचे.” मिस्त्री थांबला. “पुस्तक्याकाका गेले हो. वाईट झालं. आम्ही शिकत होतो तेव्हा खिडकीतून आम्हाला चहा द्यायचे. मागे एकदा रस्त्यात भेटले, तर म्हणाले, लेप्याचे डोळे अजून चालतात का रे? मी म्हटलं, चालतात तोवर चालतात! तेवढ्यावर हसलो दोघं. म्हणजे मी हसलो.”

टाकीतून वर चढताना भाऊजी कुजबुजले, “चोराच्या मनात चांदणं, वहिनी. बघा कसा बोलता बोलता थांबला.”

“थांबला खरा,” वहिनी म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता, आणि ते भाऊजींना आवडलं नाही. तपास पुढे सरकला की वहिनी चालायच्या भरभर. आज त्या रेंगाळत होत्या.

*

ग्रंथपालांची बहीण धाकटी, त्यांच्यासोबतच राहायची. लग्न दोघांनीही केलं नव्हतं. घरात दोनच खुर्च्या होत्या, त्यातली एक तिने कुणाला बसायला दिली नाही.

“दादाचं कुणाशी वाकडं नव्हतं,” ती म्हणाली. “सुट्टीच्या दिवशीसुद्धा तिकडे जायचा, बांधणी राहिलीये म्हणायचा. एकदा शर्टाच्या बाह्या भरून आला. करडं, चिकट काहीतरी. म्हणे खळ आहे. खळ का अशी असते? धुतली की जाते ना. ते शेवटी गेलंच नाही, मी बाह्याच कापल्या.”

“केव्हाचं हे?”

“टेबल हलवलं ना, त्याच सुमाराला.” तिने पदर बोटाला गुंडाळला. “तेव्हापासून जरा गप्प गप्पच होता. पाऊस लागला की अंथरुणात उठून बसायचा. मी विचारलं, काय होतंय? म्हणाला, काही नाही गं, पुस्तकं भिजू नयेत. मी म्हटलं, भिजतायत का? म्हणाला, छे! लेप्याने केलंय ते काम. लेप्याच्या कामाला बोट दाखवायची कुणाची छाती आहे?”

वहिनी उठल्या. दारापाशी त्यांनी बहिणीच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो लवकर काढला नाही.

बाहेर पडताच भाऊजींनी विचारलं, “मिस्त्रीच ना?”

“नाही.”

“मग चिटणीस! नवीन इमारत बांधायची असेल त्यांना.”

“भाऊजी, साप म्हणून भुई किती धोपटाल? जा, गच्चीवर जाऊन आळी बघून या.”

भाऊजी धापा टाकत गेले आणि धापा टाकत आले. दूरच्या आळ्यातलं पाणी होतं तेवढं होतं. बोल्टांभोवतीचं आळं कोरडं पडलं होतं.

वहिनींनी मान हलवली. “सापडला माणूस. पण त्याला पकडता येणार नाही. आणि काकांना सांगावं की नाही, तेच मला कळत नाहीये.”

“काकांनी विचारलंय, माझा हात चुकला का. आपण एवढंच सांगू, नाही चुकला. बाकीचं गिळून टाकू.”

“गिळून टाकल्यामुळेच झालंय हे सगळं,” वहिनी म्हणाल्या.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे वाचनालयाच्या ओसरीत जमले. लेपकाका, चिटणीस, धाकटे मिस्त्री आणि ग्रंथपालांची बहीण. दालन पोलिसांनी बंद केलं होतं. आतून ओलीचा वास येत होता.

“आधी काकांच्या प्रश्नाचं उत्तर,” वहिनींनी सुरुवात केली. “काका, तुमचा हात चुकला नाही. गच्चीवरचा लेप आजही सुरीला दाद देत नाही. पाणी तुमच्या लेपातून गेलंच नाही. ते गेलं नामफलकाच्या बोल्टांतून. आम्ही आळी करून पाहिलं. तुमच्या लेपावरचं पाणी जागचं हललं नाही, बोल्टांपाशी टिकलं नाही. चिटणीससाहेब, फलक बसवताना लेपाला चार भोकं पाडली, ते काकांना कळवलं होतं?”

चिटणीस गोरे होते ते आणखी पांढरे झाले. “चार बोल्ट हो. वर सिमेंट लावलं होतं. चार बोल्टांसाठी कोणाला सांगायचं?”

“मला,” लेपकाका म्हणाले. त्यात राग नव्हता. “येऊन बुजवून दिलं असतं. चहा पिऊन होईपर्यंत झालं असतं काम.”

“पण मग छत गळायला हवं होतं,” मिस्त्री म्हणाला. “गळलं का नाही?”

“गळलं. डाग पडला होता. छताच्या तुकड्यावर तो आम्ही पाहिला, पण लेपाच्या आतल्या बाजूला. म्हणजे डाग आधी, लेप नंतर. डाग लपवण्यासाठीच कुणीतरी छताला आतून लेप दिला, वर पांढरा रंग फासला. तुम्हीच काल सांगितलंत, पाणी यायचं थांबत नाही, दिसायचं थांबतं. पाणी स्लॅबच्या पोटात साठत राहिलं आणि छताला बोंब मारता आली नाही.”

“कोणी?” चिटणीसांनी विचारलं. त्यांनी मिस्त्रीकडे बघितलं. भाऊजींनीही बघितलं, सवयीने.

“लेपाचं काम शिकलेला माणूस नव्हे,” वहिनी म्हणाल्या. “यांचा पहिला हात आडवा असतो, दुसरा उभा. छतावरचे वळ मधून निघून चहूकडे गेलेत. यांची जाळी काचेच्या धाग्याची, जळत नाही. छतावरची सुती होती, भुरकन जळाली. काम शिडीवर उभं राहून केलेलं, कपाटांच्या शिडीवर, हात पोचेल तेवढंच. जिन्याखालचा डबा कुठे आहे हे त्याला ठाऊक होतं. आणि मधून कडेकडे ब्रश कोण नेतं? कागदाला सुरकुती पडू नये म्हणून खळ लावणारा. पुस्तक बांधणारा.”

वहिनींनी कागदात गुंडाळलेला ब्रश काढून टेबलावर ठेवला. बहिणीने तो पाहिला आणि तिचा हात आपोआप स्वतःच्या मनगटाकडे गेला, बाही चाचपावी तसा.

“शर्टाच्या बाह्या,” ती म्हणाली. “अगं बाई! म्हणजे आमचा दादा...”

“हो ताई.”

“पण का?” चिटणीस उभेच राहिले. “मला सांगायचं! समितीला सांगायचं!”

“समितीला सांगितलं असतं तर तुम्ही कुणाला दोष दिला असता?” वहिनींनी विचारलं. चिटणीस पुन्हा बसले. “गेल्या आठवड्यात दिलात तोच. ग्रंथपालांना बोल्टांचं ठाऊक नव्हतं. त्यांना ठाऊक होतं ते एवढंच, की काम करताना लेप्याच्या डोळ्यात मोतीबिंदू होता आणि हात थरथरत होता. डाग दिसला आणि त्यांना वाटलं, मित्राचा हात गेला.”

मिस्त्री जमिनीकडे पाहत होता. “मला विचारलं होतं त्यांनी,” तो म्हणाला. “डोळे चालतात का म्हणून. आणि मी थट्टा केली. सरळ बोललो असतो की अजून काकांच्या तोडीचं काम कोणी करत नाही, तर...”

“त्यांनी सुट्टीच्या दिवशी, कुणी नसताना, शिडीवर चढून ते केलं,” वहिनी म्हणाल्या. “मग काकांना इकडे फार येऊ देईनात. स्वतःच त्यांच्या घरी जायला लागले. पण आतून धास्ती होतीच. लेप टिकेल की नाही, छत धरेल की नाही. म्हणून त्यांनी आणखी एक केलं. त्या कोपऱ्यातून वाचकांची बाकं हलवली, आणि तिथे आपलं टेबल आणलं.”

भाऊजींच्या लक्षात यायला जरा वेळ लागला. चांगली हवेशीर खिडकी सोडून म्हातारा अंधारात जाऊन बसला होता, दुसरं कुणी बसू नये म्हणून. भाऊजींनी आदल्या दिवशी त्याला आळशी म्हटलं होतं. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

“मी तक्रार मागे घेतो,” चिटणीस म्हणाले. ठरावाची भाषा कुठच्या कुठे गेली होती. “आत्ता जातो पोलिसांकडे. बोल्टांचंही सांगतो. काका, मी...”

“जा,” लेपकाका म्हणाले. “सांगा.”

ते इतका वेळ एका जागी, हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. आता त्यांनी बहिणीकडे पाहिलं.

“तुला काही बोलला होता तो?”

“नाही हो. एवढंच म्हणायचा, लेप्याला कळलं तर त्याला झोप लागणार नाही. मला वाटायचं, बुद्धिबळातलं काहीतरी आहे. हरलाबिरला असेल.”

“एकदा बोलायचं होतं त्याने,” लेपकाका म्हणाले. “शिव्या घालायच्या. लेप्या, तुझं काम गळतंय म्हणायचं. मी चिडलो असतो, चार दिवस तोंड पाहिलं नसतं त्याचं. पण शिडी लावून वर गेलो असतो. पाहिलं असतं.” ते वहिनींकडे वळले. “म्हणजे तो गेला तो हेच धरून ना, की माझा हात गेला?”

वहिनी कधी उत्तर चुकवत नसत.

“हो काका,” त्या म्हणाल्या.

लेपकाकांनी आपले दोन्ही हात समोर धरले आणि उलटसुलट करून पाहिले. ते अजिबात थरथरत नव्हते.

“बाई,” ते म्हणाले, “माझीच चूक निघाली असती तर बरं झालं असतं.”

बहीण उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसली. भाऊजींनी पिशवी उचलली. वहिनींनी त्यांना डोळ्यांनीच थांबा म्हटलं, आणि ते दोघंही तिथेच बसून राहिले.